कुत्र्याजवळ नुसतं बसणं

चुलीजवळून भाकर थापल्याचा आवाज आला की अंगणात झोपलेलं कुत्रं डोळे न उघडताच कान वळवतं. धन्याची मोटारसायकल गावखारीच्या वळणावर असतानाच ते उठून फाटकाशी जाऊन उभं राहतं, आणि दुसऱ्याची तशीच गाडी गेली तर जागचं हलत नाही. पण रोह्यांनी हरभरा तुडवला म्हणून किंवा कापसाला भाव मिळाला नाही म्हणून धनी चिडून घरी आला, तर तेच कुत्रं पुढे यायचं सोडून खाटेखाली सरकतं. धनी अजून एक शब्दही बोललेला नसतो.

कुत्रं शब्दांच्या आधी माणूस वाचतं. पावलांचा जोर, ताठ खांदे, हाताची घाई, श्वासाचा वेग आणि वास, एवढ्यावर त्याचा अंदाज पक्का होतो. वासाचं हे नुसतं म्हणणं नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ मध्ये कुत्र्यांना एकाच माणसाचे दोन नमुने हुंगायला दिले. एक शांत असतानाचा आणि दुसरा अवघड गणितं घालून ताण आणल्यावरचा, घाम आणि श्वास यांचा. कुत्र्यांनी ताणाचा नमुना बरोबर वेगळा काढला. त्याआधी २०१९ मध्ये स्वीडनच्या लिनशॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या केसांमधलं कॉर्टिसोल मोजलं होतं. ताण आला की शरीरात वाढतं ते हे रसायन, आणि केसांत त्याची कित्येक महिन्यांची नोंद राहते. ज्या घरात माणसाचं कॉर्टिसोल जास्त, तिथे कुत्र्याचंही जास्त निघालं.

म्हणून कुत्र्याला शांत करायचं काम आपल्या अंगापासून सुरू होतं. कुत्रं भुंकत असताना आपण त्याच्यापेक्षा मोठ्यानं "चूप!" ओरडलो, तर त्याच्या लेखी आपणही त्याच्यासोबत भुंकायला लागलेलो असतो.

शहरात आज 'माइंडफुलनेस' हा शब्द बराच चालतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये दुखणाईत माणसांसाठी त्याचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला. मूळ मात्र बौद्ध ध्यानपरंपरेत आहे, आणि विदर्भातल्या खेड्यांना ते परकं नाही. बुद्धविहारात आनापान करणाऱ्यांना श्वासाकडे नुसतं पाहणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या पहाटेच्या सामुदायिक ध्यानाला बसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. कुत्र्यासाठी त्यातलं अगदी थोडं लागतं: समोर जे चाललंय ते आधी पाहायचं आणि हात किंवा तोंड मग चालवायचं. मराठीत याला सजगता म्हणू.

आणि विश्वास? कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात दोनच गोष्टी आहेत. पुढे काय होणार हे त्याला आधी कळलं पाहिजे, आणि नको वाटलं तर बाजूला होता आलं पाहिजे. या दोन्ही असल्या की कुत्रं निवांत राहतं. एक जरी गेली तरी ते सावध होतं, आणि सावध कुत्रंच पुढे भुंकतं, पळतं किंवा चावतं.

रोजची दहा मिनिटं

या सगळ्या पद्धतीचा कणा म्हणजे रोज कुत्र्याजवळ दहा मिनिटं बसणं. शिकवणं नाही, खेळवणं नाही, नुसतं बसणं. ऐकायला फार सोपं वाटतं आणि म्हणूनच लोक ते सोडून देतात.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा कामांचा क्रम धरा. गुरं कोठ्यात बांधली, दूध काढून झालं, मग बसलो. असा क्रम रोज तोच असला की आठवडाभरात कुत्रं दुधाची बादली वाजल्यावर स्वतःच जागेवर येऊन थांबायला लागतं. उन्हाळ्यात मात्र दिवस बुडाल्यावर किंवा पहाटे सडा टाकायच्या वेळी बसा.

जमिनीवर पोतं अंथरून बसा. खुर्चीवरून वाकणारा माणूस कुत्र्याला अंगावर आल्यासारखा वाटतो. ओळखीचं कुत्रं असेल तर दोन-तीन हात अंतर ठेवा. नवं किंवा बुजरं असेल तर आठ-दहा हात. तोंड त्याच्याकडे करू नका. खांदा त्याच्या बाजूला येईल असं तिरपं बसा. मोबाइल घरात राहू द्या, कारण मोबाइल पाहणारा माणूस समोर असूनही नसल्यासारखा असतो आणि तेवढं कुत्र्याला कळतं.

पहिली दोन मिनिटं स्वतःचा श्वास. मनात चार मोजत आत घ्या, सहा मोजत बाहेर सोडा. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, जबडा सैल होतो, खांदे उतरतात. तुमच्या मनातलं ध्यान कुत्र्याला दिसत नाही. त्याला उतरलेले खांदे दिसतात.

मग त्याच्याकडे पाहा, पण डोळे रोखून नाही. वावरातल्या उभ्या पिकावरून नजर फिरवतो तशी फिरवा. कान पुढे आहेत की मागे चिकटलेत? कपाळावर सुरकुती आहे का? तोंड मिटलेलं आहे की सैल उघडं? शेपूट मुळाशी ताठ आहे का? बसलंय ते दोन्ही मागच्या पायांवर सारखं, म्हणजे उठायच्या तयारीत, की एका कुल्ल्यावर कलंडून? कलंडून बसलेलं कुत्रं बऱ्यापैकी निवांत असतं.

त्यानंतर त्याचे श्वास मोजा. मन एका जागी ठेवायला याहून चांगली खुंटी नाही, आणि तब्येतीचाही अंदाज येतो. बरगड्या एकदा वर-खाली झाल्या की एक श्वास. पंधरा सेकंद मोजा आणि चारानं गुणा. पडून असलेल्या निरोगी मोठ्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारण १० ते ३० येतात. जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल तेव्हा मोजू नका, तो आकडा उन्हाचा असतो. पण थंड वेळी, गाढ झोपेत, दोन-तीन दिवस सलग ३० च्या वर आकडा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार कधीकधी इथूनच पहिल्यांदा कळतो.

उरलेल्या वेळात काहीच करू नका. ते जवळ आलं तर हुंगू द्या, हात पुढे नेऊ नका. उठून गेलं तर जाऊ द्या, हाक मारू नका. त्या दहा मिनिटांत जायची मोकळीक खरी असली पाहिजे, नाहीतर हा बांधून ठेवण्याचाच दुसरा प्रकार होईल. ते कलंडून बसलं किंवा हनुवटी जमिनीला टेकवली की उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा त्याच्या पुढच्या पायांशी गुपचूप ठेवा. दहा मिनिटांत असे तीन-चार तुकडे पुरे. शेवटी रोज एकच शब्द हळू आवाजात, "झालं", आणि सावकाश उठा.

बिघडतं ते बहुधा तुकड्यांपाशी. तुकडा मोठा असला किंवा कुत्र्यानं पंजा मारून मागितल्यावर दिला, तर ते शांत बसायला शिकत नाही, मागायला शिकतं. पंजा मारला तर हात मांडीवर ठेवा आणि दोन लांब श्वास घ्या. थांबलं, पुन्हा पडलं, की मग द्या. दुसरी चूक म्हणजे बोलत राहणं. "अरे मोत्या, ये ना, बस ना, काय झालं" ही बडबड प्रेमाची असली तरी कुत्रं प्रत्येक शब्दाला कान टवकारतं आणि त्याला विसावाच मिळत नाही. तिसरी म्हणजे घाई. बुजरं कुत्रं पहिले आठ-दहा दिवस जवळ येणारच नाही. ते दुरून पाहत असतं, आणि तेवढंही त्या दिवसांत पुष्कळ आहे.

तोंडानं न सांगितलेलं

कुत्रं चावतं ते क्वचितच अचानक. बहुतेक वेळा त्यानं आधी पाच-सहा वेळा सांगितलेलं असतं आणि कोणाचं लक्ष नसतं. झोप नसताना जांभई, समोर खायला नसताना नाकावरून जीभ फिरवणं, तोंड दुसरीकडे वळवणं, उगाच जमीन हुंगणं, अंग ओलं नसताना झाडणं: हे पहिलं सांगणं. न ऐकलं तर कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. त्यानंतर सगळं अंग एकदम थिजतं. ही घडी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी याच वेळी माणसं म्हणतात, "पाहा, कसं गुमान उभं आहे." थिजण्यानंतर गुरगुरणं येतं, मग हवेत चावा, मग खरा चावा.

गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका. गुरगुरणं म्हणजे बंडीच्या बैलाची घुंगरं समजा. त्यांच्यामुळे पुढचा माणूस बाजूला होतो. मार खाऊन खाऊन गुरगुरणं बंद झालेलं कुत्रं सुधारलेलं नसतं. त्यानं फक्त इशारा देणं सोडलेलं असतं, आणि असं कुत्रं घरातल्या लेकरांसाठी जास्त धोक्याचं. गुरगुरलं की थांबा, श्वास सोडा, एक पाऊल मागे घ्या आणि नेमकं काय झालं होतं ते आठवा: ताटलीजवळ कोणी गेलं, पाय दुखावला, की पिल्लांपाशी हात गेला?

शेपूट हलणं म्हणजे दर वेळी आनंद नाही. कमरेसकट सैल, रुंद हलणारी शेपूट आनंदाची. वर ताठ धरून भराभर थरथरणारी शेपूट तापलेल्या कुत्र्याची असते.

चप्पल चावल्यावर कुत्र्याच्या तोंडावर दिसतो तो 'पश्चात्ताप' पण तपासून घ्यायला हवा. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग केला. कुत्र्यानं मना केलेलं खाल्लं असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. म्हणजे तो चेहरा गुन्ह्याचा नाही, तुमच्या रागाला दिलेलं उत्तर आहे. कुत्रं एखादी कृती आणि तिचा परिणाम जोडतं ते एक-दोन सेकंदांच्या आत. अर्ध्या तासानं दिलेला मार त्याच्या डोक्यात चपलेशी नाही, दारातून आत आलेल्या तुमच्याशी जोडला जातो.

हात कुठे, किती वेळ

डोक्यावर वरून हात आणणं बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. धन्याचं म्हणून ते सहन करतात. सुरुवात छातीवर किंवा मानेच्या बाजूला करा. बोटं सैल ठेवून तीन सेकंद हळू खाजवा आणि हात मागे घ्या. आता पाहा. ते अंग रेलतं, नाकानं हात ढोसतं, तर आणखी तीन सेकंद. तोंड वळवलं, जीभ फिरवली किंवा नुसतंच ताठ बसून राहिलं, तर आज एवढंच. घरातल्या मुलांना हा 'तीन मोजून थांबायचं' नियम खेळासारखा शिकवता येतो. त्यासोबत एक पक्की मनाई: झोपलेल्या, खात असलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

स्पर्शाचं महत्त्व भावनेपुरतं नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांवर केलेलं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. अनोळखी माणसानं वारंवार भेटून हात फिरवला तर त्याच्यावर कुत्र्यांचा भरवसा नुसतं खायला घालण्यापेक्षा चांगला बसला. आपल्या अंगणात येतं ते कुत्रं याच जातकुळीचं आहे, म्हणून हा निष्कर्ष आपल्या जास्त कामाचा.

डोळ्यांबद्दल लोकांचा गोंधळ होतो. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहणं म्हणजे आव्हान. पण जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या २०१५ च्या अभ्यासात असं दिसलं, की आपलं माणूस आणि आपलं कुत्रं एकमेकांकडे निवांत पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं रसायन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या जिव्हाळ्यात काम करतं तेच. फरक इतकाच, की हे पाहणं कुत्र्यानं स्वतः सुरू केलेलं असावं. त्याचं तोंड धरून आपल्याकडे वळवलं तर काही साधत नाही.

साखळी, दोर आणि 'छू'

साखळीचा खळखळाट म्हणजे आता बांधणार, हे कुत्रं दोन दिवसांत शिकतं आणि आवाज आला की कोठ्यामागे पळतं. मग धावून धरायचं, ओढत आणायचं, रोजचा तमाशा. हे उलटवता येतं. दिवसातून आठ-दहा वेळा साखळी नुसती खळखळवा, लगेच अंड्याचा तुकडा द्या, साखळी खाली ठेवा आणि निघून जा. बांधू नका. चार-पाच दिवसांनी आवाजाला ते धावत येईल. मग पट्ट्याला कडी लावा, तुकडा द्या, कडी काढा. मग एक मिनिट बांधा, मग पाच. हाक मारण्याचंही असंच आहे. "ये" म्हणून बोलावलं आणि दर वेळी बांधलं, आंघोळ घातली किंवा रागावलं, तर "ये" हा शब्द जळून जातो. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा काहीतरी चांगलं देऊन परत सोडा.

दिवसभर आखूड साखळीवर असलेल्या कुत्र्याला आपण वर म्हटलेली दुसरी गोष्ट, बाजूला होण्याची मोकळीक, अजिबात मिळत नाही. पळता येत नाही म्हणून ते अंगावर येतं. बांधणं भागच असेल तर दोन झाडांमध्ये किंवा खांबांमध्ये जाड तार ताणून तीवर सरकणारी कडी घाला, म्हणजे त्याला पंधरा-वीस फूट फिरता येईल. तारेच्या दोन्ही टोकांना अडथळा हवा, नाहीतर दोर झाडाला गुंडाळला जातो. विहिरीजवळ अशी तार नको. पट्टा आणि मान यांत दोन बोटं सहज जायला हवीत. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला पाहा.

फिरायला सहा फुटांचा सुती दोर चांगला, नायलॉननं हात कापतो. सकाळी धुऱ्याधुऱ्यानं वीस मिनिटं, आणि त्यातली निम्मी तरी त्याच्या नाकासाठी. कुत्र्याच्या नाकात वासाच्या पेशी वीस कोटींच्या वर असतात, आपल्या साठेक लाख. रात्री धुऱ्यावरून कोण गेलं याची त्याच्यासाठी ती बातमी असते, आणि वाचू दिली तर ते घरी येऊन शांत पडतं. दोर ताणला की झटका देऊ नका. थांबा, श्वास सोडा, पाय रोवून उभे राहा. दोर सैल झाला की लगेच चाला. पहिले तीन-चार दिवस पन्नास पावलांना दहा मिनिटं लागतील, ती लागू द्या. दुसऱ्याच्या वावरातलं कुत्रं समोर आलं तर सरळ त्याच्या तोंडावर जाऊ नका. कुत्री एकमेकांना भेटताना वळसा घेतात, तुम्हीही घ्या.

आणि 'छू'. पोरं गंमत म्हणून कुत्र्याला डुकरावर, मांजरावर, कधी वाटसरूवर छू करतात. एकदा तापलेलं कुत्रं लवकर निवत नाही, आणि धावणारी प्रत्येक गोष्ट धरायची असते हे ते शिकतं. मग ते सायकलवरच्या शाळकरी मुलामागेही धावतं. शांत कुत्रं हवं असेल तर हा खेळ घरात कायमचा बंद करावा, इथे मधला मार्ग नाही.

ऋतू पाहून

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना. बाकी सगळी गरमी ते धापा टाकून बाहेर काढतं. त्यामुळे नवतपात कुत्रं चिडकं झालं, बोलावल्यावर उठलं नाही, तर तो हट्ट नाही. टिनाच्या छपराखाली बांधू नका. निंबाखाली, माती ओली करून, जमल्यास ओलं पोतं अंथरून जागा द्या. साध्या दिवसांत किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर. उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणी बदला. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्यावरून कुत्रं नेऊ नका.

लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल लडखडली, तर उष्माघात समजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं; ४१ च्या पुढे जीव धोक्यात येतो. लगेच सावली, पोट-जांघा-पंजांवर साधं पाणी, वर पंखा किंवा कुलरची हवा, आणि दवाखाना. एक गैरसमजही काढून टाकू: उन्हानं कुत्रं पिसाळत नाही. पिसाळणं म्हणजे रेबीज, आणि तो विषाणूचा आजार आहे.

पावसाळ्यात आणि पुढे कपाशीच्या दिवसांत फवारणी असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते कोणी विसरलेलं नाही. कुत्रं अंग चाटतं, म्हणून कपड्यांवरचं औषध थेट त्याच्या पोटात जातं. फवारणीहून आलात तर आधी आंघोळ आणि कपडे बदलणं, मग कुत्रं. ते दारात उड्या मारत असलं तरीही. लाळ गळणं, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही विषबाधेची लक्षणं. औषधाची बाटली सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.

डुकरं हाकायला सुतळी बॉम्ब, लग्नातला डीजे, दिवाळी आणि मृगाचा पहिला गडगडाट यांनी घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते आणखी भित्रं होतं, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. भीती ही सवय नाही, ती बक्षिसानं वाढत नाही. घरातली अंधारी जागा, खाटेखाली जुनी गोधडी आणि शेजारी तुम्ही, लांब श्वास सोडत. त्या वेळी बांधू मात्र नका. हिसके देऊन गळफास बसतो. सवय लावायची ती आधीच्या महिन्यांत: मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, तीन-चार मिनिटं, सोबत अंड्याचे तुकडे. कुत्रं खात असेल तोवर ठीक. खाणं थांबवलं की आवाज जास्त झालाय, एक पायरी खाली या.

जागलीवर नेलेल्या कुत्र्याला दिवसा झोपू द्या. मोठं कुत्रं चोवीस तासांत बारा-चौदा तास झोपतं, आणि झोपमोड झालेलं कुत्रं चिडकं असतं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या जंगलकाठच्या गावांत रात्री कुत्रं अंगणात साखळीला ठेवू नका. बिबट्याला ते आयतं मिळतं. रात्री ते घरात किंवा दार लागणाऱ्या कोठ्यातच असलं पाहिजे.

दुखणं, लस आणि ताटली

शांत कुत्रं एका आठवड्यात तिरसट झालं तर शिकवण्याआधी दुखणं शोधा. कान, दात, सांधे, पंजातला बाभळीचा काटा, गोचीड. दहा मिनिटांच्या बसण्यात ते हाताला रुळलं की आठवड्यातून दोनदा कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली बोटं फिरवा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल नको. गुरांचं गोचिडाचं औषध किंवा इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला देऊ नका. मात्रा चुकली तर जीव जातो.

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, साधारण दरवर्षी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. कोणतंही कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, मिरची, झाडफूक यांत वेळ घालवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही.

खाण्याचं थोडक्यात. ज्वारीची भाकर चालते. माणसासोबत हजारो वर्षं राहून कुत्र्यांच्या शरीरात पिठूळ अन्न पचवायची ताकद लांडग्यापेक्षा वाढली आहे. पण नुसत्या भाकरीवर भागत नाही, अंडं किंवा मांस हवं. कांदा-लसणाचा रस्सा देऊ नका, कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडाला घातक.

पिल्लू आणताना ते आठ आठवडे आईजवळ राहिलेलं असावं. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं-ऐकतं त्याला ते आयुष्यभर फारसं भीत नाही. या दिवसांत त्याला कडेवर घेऊन बैल, ट्रॅक्टर, छत्री, काठी टेकणारे आजोबा, टोपीवाला पोस्टमन, सगळं दुरून दाखवा. दर वेळी एक तुकडा, आणि ते घाबरायच्या आत परत. मार खाल्लेलं मोठं कुत्रं आणलं असेल तर मात्र हिशोब महिन्यांचा आहे. त्याच्यासमोर काठी, चाबूक, दगड उचलायला वाकणं टाळा. दगडाला वाकलेला माणूस गावठी कुत्रं कधी विसरत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येतं. झोपलेलं असताना एकदम हात लावला तर दचकून चावू शकतं, म्हणून चार पावलं दुरूनच पाय जमिनीवर हलका आपटा, हादरा कळला की ते मान उचलतं. संध्याकाळचं बसणं तसंच चालू ठेवा, फक्त पोतं त्याच्या जागेजवळ न्या. श्वासांचा आकडा आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहितो तिथेच, त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ते पान सोबत न्या.